माफी कुणी कुणाला करायची?



कर्जाला 'माफी' हा शब्द पहिल्यांदा ज्याने जोडला, तो नक्कीच सावकाराच्या बाजूचा असला पाहिजे. माफी गुन्ह्याला असते. चोरी केली, मारामारी केली, तर माफी मागायची असते. ज्याने पऱ्हाटी लावली, डवरली, फवारली, वेचली आणि खर्चही भरून निघणार नाही अशा भावाने बाजारात नेऊन ओतली, त्याने गुन्हा कोणता केला? मग माफी कसली? आणि ती करणारा कोण?

हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे चावडीवर, मेळाव्यात आणि तहसील कचेरीच्या दारात विचारत आलो. गेल्या शतकाच्या अखेरीस तोच प्रश्न जगात दुसऱ्याही एका ठिकाणाहून विचारला गेला. विचारणारे होते पाद्री, बिशप, नन आणि दर रविवारी चर्चला जाणारी साधी माणसे. त्यांनी तो गरीब देशांच्या कर्जाबद्दल विचारला. त्यांनी काय मिळवले आणि ते कुठे अडले, हे कोरडवाहू कापूस-ज्वारीवाल्याने नीट समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

कुणी म्हणेल, किरिस्तावांच्या गोष्टी आम्हाला कशाला? धर्म ज्याचा त्याने पाळावा, त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पण कर्जाला धर्म नसतो. व्याज देवळातल्या माणसालाही लागते, मशिदीतल्याही आणि चर्चमधल्याही. कर्जाच्या फासाविरुद्ध कुणी दोन पावले टाकली असतील, तर ती कशी पडली हे बघणे आमचे काम आहे.

जुन्या पोथीतला कायदा

ख्रिस्ती आणि यहुदी लोकांच्या जुन्या धर्मग्रंथात शेतीविषयी कायदे आहेत. दर सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आणि सातव्या वर्षीच ऋणकोचे ऋण सोडून द्यायचे. सात वेळा सात वर्षे झाली की पन्नासावे वर्ष ज्युबिलीचे. त्या वर्षी मेंढ्याच्या शिंगाचे रणशिंग फुंकायचे. कर्जापायी गेलेली जमीन मूळ घराण्याला परत, आणि कर्जापायी गुलाम झालेला माणूस मोकळा. जमीन देवाची आहे, ती कायमची विकता येत नाही, हा त्यामागचा विचार.

त्याच ग्रंथात नहेम्या नावाच्या सुभेदाराची हकिगत आहे. दुष्काळात धान्यासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे आणि घरे गहाण टाकली. राजाचा शेतसारा भरायला कर्ज काढले. मुले-मुली गुलामीत गेल्या. लोक ओरडू लागले तेव्हा नहेम्याने लोकांसाठी अन्नछत्र उघडले नाही. त्याने सावकारांना आणि मातब्बरांना भर सभेत उभे केले आणि शेते, मळे, घरे व व्याज परत करायला लावले. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. गावाचे नाव बदलले तर कोणत्याही तालुक्यात खपून जाईल.

आणखी एक गंमत पाहा. सातव्या वर्षी कर्ज सुटणार म्हटल्यावर सहाव्या वर्षी सावकार हात आखडता घेईल, हेही त्या कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. त्यांनी ग्रंथातच बजावून ठेवले की, सुटीचे वर्ष जवळ आले म्हणून गरिबाला कर्ज नाकारणे हे पाप आहे. कर्ज सोडले की पतपुरवठ्याची शिस्त बिघडते, असे आजचे बँकवाले मोठा शोध लावल्यासारखे सांगतात. इतका जुना युक्तिवाद आहे तो, आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे.

असा कायदा पोथीत असूनही चर्चने शतकानुशतके काय केले? दानपेटी ठेवली. भुकेल्याला भाकर दिली, रोग्याला दवाखाना दिला, अनाथाला छप्पर दिले. हे काम चांगलेच आहे, त्याची टिंगल आम्ही करणार नाही. पण भाकर देणाऱ्या हाताने, ही भूक आली कुठून, हे विचारायचे बहुधा टाळले.

दानपेटीकडून खतावणीकडे

तो प्रश्न विचारायला भाग पाडले आफ्रिकेच्या हिशेबाने.

१९७३ मध्ये तेलाच्या किमती भडकल्या. तेलवाल्या देशांचा पैसा पाश्चात्त्य बँकांत येऊन पडला. बँकांना गिऱ्हाईक हवे होते, म्हणून त्यांनी गरीब देशांच्या दारात जाऊन कर्जे वाटली. कुणाला देतो हे पाहिले नाही. झैरेच्या मोबुटूसारख्या हुकूमशहालाही परदेशी कर्ज मिळत राहिले आणि त्याच्या पश्चात अब्जावधी डॉलरचे ओझे जनतेच्या डोक्यावर राहिले. १९७९ नंतर अमेरिकेने व्याजाचे दर चढवले, ते वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले. त्याच काळात कॉफी, कोको, तांबे, कापूस या मालांचे भाव पडले. व्याज वर गेले आणि माल खाली आला. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मेक्सिकोने हात वर केले आणि जगाला कळले की हे कर्ज फिटणारे नाही.

मग गरीब देशांनी तेच केले जे आमचा शेतकरी मार्च महिन्यात सोसायटीत करतो: नवे-जुने. जुने फेडायला नवे घेतले, व्याज मुद्दलात घातले आणि आकडा फुगत गेला.

१९८५ मध्ये इथिओपियाच्या दुष्काळासाठी युरोप-अमेरिकेत गाण्याचे मोठे जलसे झाले, चर्चमध्ये थाळ्या फिरल्या, लोकांनी उदार हाताने दिले. त्यानंतर ख्रिस्ती मदतसंस्थांतल्या काही माणसांनी वही उघडली. त्यांना दिसले की, एवढ्या गाजावाजाने गोळा केलेला पैसा आफ्रिका कर्जाच्या हप्त्यापोटी काही दिवसांतच श्रीमंत देशांना परत करते. एका हाताने दान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने वसुली करायची. दान शंभर रुपयांचे, वसुली हजारोंची. असे दान देणारा पुण्यवान की वसुली करणारा पापी, हा घोळ त्यांना सहन होईना.

सत्तर हजारांची साखळी

१९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये मार्टिन डेंट नावाचे एक प्राध्यापक आणि बिल पीटर्स नावाचे एक निवृत्त राजदूत यांनी पोथीतला ज्युबिलीचा कायदा वर काढला. येशूच्या जन्माला दोन हजार वर्षे होतात, तेव्हा गरीब देशांचे न फिटणारे कर्ज सोडून द्या, अशी मागणी त्यांनी पुढे आणली. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९९४ च्या पत्रात हाच विचार मांडला होता. 'ज्युबिली २०००' या नावाने मोहीम उभी राहिली. चर्चच्या दारात सह्यांचे कागद ठेवले गेले. साध्या गृहिणी आणि पेन्शनर व्याजाचे गणित शिकले आणि आपापल्या खासदाराला पत्रे लिहू लागले.

१६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅम शहरात आठ बड्या देशांच्या पुढाऱ्यांची परिषद होती. त्या दिवशी सुमारे सत्तर हजार माणसांनी हातात हात घालून शहरात साखळी केली. त्याच वर्षी जगभरचे अँग्लिकन बिशप लॅम्बेथ परिषदेसाठी जमले, त्यांनी कर्जाविषयी ठराव केला. डिसेंबरमध्ये हरारे येथे चर्चेसच्या जागतिक परिषदेनेही तेच केले. १९९९ च्या जूनमध्ये जर्मनीत कोलोन येथे लाखो सह्यांचे गठ्ठे पुढाऱ्यांपुढे ठेवले गेले आणि शंभर अब्ज डॉलरचे कर्ज सोडण्याचे आश्वासन मिळाले. २००५ मध्ये आणखी एक पाऊल पडले. पुढच्या काळात सदतीस देशांना मिळून शंभर अब्ज डॉलरहून अधिक कर्जातून सोडवण्यात आले.

याचा उपयोग झाला नाही असे कुणी म्हणू नये. युगांडात कर्जाच्या हप्त्यातून वाचलेला पैसा शाळांकडे वळवला गेला. टांझानियाने प्राथमिक शाळेची फी रद्द केली. लाखो पोरे पाटी-दप्तर घेऊन शाळेत गेली. बंदूक न उचलता, निवडणूक न लढवता, देवळात जाणाऱ्या साध्या माणसांनी जगातल्या सर्वांत बलाढ्य सावकारांना मागे सरकायला लावले. आमच्या मेळाव्यात या कामाला टाळ्या पडल्या पाहिजेत.

सावकाराने शब्द बदलला

पण सावकार शेवटी सावकार. त्याने मागणी मान्य केली आणि शब्द बदलला. ज्युबिलीत ऋण सुटणे हा हक्क होता. जागतिक बँकेच्या आणि नाणेनिधीच्या कागदावर ती दया झाली, आणि दयेला अटी असतात. वर्षानुवर्षे चांगली वर्तणूक दाखवा. सरकारी कंपन्या विका. अनुदाने तोडा. बाजार उघडा. मग आम्ही विचार करू.

अटी कसल्या असत? मोझांबिक देश काजू पिकवतो. कच्चा काजू बाहेर जाऊ नये, देशातच फोडला जावा, म्हणून निर्यातीवर कर होता. १९९५ मध्ये जागतिक बँकेने कर्जाच्या अटीत तो कर उतरवायला लावला. शेतकऱ्याला जास्त भाव मिळेल असे सांगितले. शेतकऱ्याच्या पदरात फारसे पडले नाही, फायदा व्यापाऱ्यांनी खाल्ला. काजूचे कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले आणि कच्चा काजू जहाजात बसून आमच्याच देशातल्या कारखान्यांत आला.

१९९९ च्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेत गरीब देशांतले कार्यकर्ते जमले, त्यांत चर्चची माणसेही होती. ते म्हणाले, आम्ही देणेच लागत नाही, म्हणून आम्ही देणार नाही. देणे कोण कुणाचे लागते, ते आधी ठरवा.

हैतीचा हिशेब घ्या. तिथल्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवले. १८२५ मध्ये फ्रान्सने लढाऊ जहाजे पाठवली आणि मागणी केली की, तुम्ही मोकळे झालात, त्यात आमच्या मळेवाल्यांचे नुकसान झाले. पंधरा कोटी फ्रँक भरा. पुढे रक्कम कमी केली, पण ती फेडण्यासाठी कर्जही फ्रान्सच्याच बँकांतून घ्यावे लागले. ते ओझे १९४७ पर्यंत उतरले नाही. ज्याला विकले होते, त्यानेच स्वतःची किंमत भरली. आता सांगा, इथे माफी कुणी कुणाला करायची?

चर्चच्या वहीतले पान

हा प्रश्न चर्चलाही सुटत नाही. बार्बाडोस बेटावरचे उसाचे दोन मळे १७१० मध्ये इंग्लंडच्या एका धर्मप्रसारक सोसायटीला मृत्युपत्राने मिळाले. तिथल्या गुलामांच्या छातीवर तापल्या लोखंडाने 'सोसायटी' असा डाग दिला जाई. १८३३ मध्ये ब्रिटनने गुलामी रद्द करण्याचा कायदा केला, तेव्हा दोन कोटी पौंड नुकसानभरपाई दिली गेली. ती गुलामांना नाही, मालकांना. त्या धर्मप्रसारक सोसायटीनेही आठ हजारांवर पौंड घेतले. गुलामाला एक पैही मिळाली नाही. त्या भरपाईसाठी सरकारने काढलेले कर्ज ब्रिटिश जनता २०१५ पर्यंत फेडत होती.

२००६ मध्ये इंग्लंडच्या चर्चने याबद्दल क्षमा मागितली. गुलामांच्या व्यापारात गुंतलेल्या कंपनीत चर्चचा जुना निधी होता हे तपासून, २०२३ मध्ये दहा कोटी पौंड बाजूला काढण्याचे जाहीर केले. आम्ही याला चांगली सुरुवात म्हणतो. दुसऱ्याची वही उघडायला सांगणाऱ्याने स्वतःचीही उघडली पाहिजे. आमच्याकडच्या किती संस्थानांनी, किती मठांनी आणि किती ट्रस्टांनी आपल्या इनामी जमिनींची आणि कुळांची वही अशी उघडली आहे?

कर्ज सुटले, कापूस अडला

आता येतो खरा मुद्दा, आणि तो कापसाचा आहे.

पश्चिम आफ्रिकेत माली, बुर्किना फासो, बेनिन, चाड हे देश आहेत. तिथला शेतकरी आमचा सख्खा भाऊ शोभावा. पावसावरची शेती, घरी खायला ज्वारी-बाजरी आणि विकायला कापूस. वेचणी हाताने. मालीत बहुसंख्य मुसलमान, पण ज्युबिलीच्या मोहिमेने कुणाचा धर्म विचारला नाही हे तिचे मोठेपण. बुर्किना फासोचे कर्ज २००२ मध्ये आणि माली-बेनिनचे २००३ मध्ये मोठ्या प्रमाणात सुटले.

मग शेतकरी सुखी झाला? त्याच सुमारास अमेरिका आपल्या सुमारे पंचवीस हजार कापूस उत्पादकांना वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या वर अनुदान देत होती. त्या जोरावर त्यांचा कापूस जगाच्या बाजारात मातीमोल भावाने ओतला गेला. २००१ च्या अखेरीस जागतिक भाव जवळजवळ तीस वर्षांच्या तळाला गेला. तो भाव पडला तेव्हा यवतमाळ-परभणीच्या बाजारातही पडला, हे तुम्हाला सांगायला नको. मालीच्या शेतकऱ्यांनी २००० मध्ये कमी भावाच्या निषेधात कापूसच पेरला नाही, उत्पादन निम्म्याच्या जवळ आले. पुढे दात्यांच्या आग्रहाने मालीत शेतकऱ्याचा भाव जागतिक भावाला बांधला गेला आणि २००५ मध्ये तो सुमारे वीस टक्क्यांनी उतरला. २००३ मध्ये या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. कानकून येथील परिषद फिसकटली.

चर्चवाल्यांना हे कळत नव्हते असे नाही. २००५ च्या जुलैत एडिंबरो येथे दोन लाखांवर लोकांचा मोर्चा निघाला, त्यात चर्चचे जथे मोठे होते. मागण्या तीन होत्या: कर्ज सोडा, मदत वाढवा, व्यापार न्यायाचा करा. पहिली बऱ्याच अंशी मिळाली. दुसरीचे आश्वासन मिळाले. तिसरी रिकाम्या हाताने परतली.

असे का झाले? कारण माफी एकदाच द्यावी लागते, भाव दर हंगामाला द्यावा लागतो. माफी देणाऱ्याची मिरवणूक निघते. भाव देणाऱ्याच्या खिशातून पैसा जातो. माफीने सावकाराचे फक्त बुडीत खाते पुसले जाते, भावाने सावकाराची गरजच संपते. शिवाय कर्ज सोडा असे सरकारला सांगणे सोपे होते. टेक्सासचा अनुदान घेणारा कापूसवालाही रविवारी चर्चच्या बाकावर बसतो, आणि स्वस्त सदरा घालणारा गिऱ्हाईकही त्याच्याच शेजारी बसतो. त्या दोघांच्या तोंडावर सांगायचे, की तुमच्या सदऱ्याच्या स्वस्ताईत कुणाची तरी लूट आहे, याला बर्मिंगहॅमच्या साखळीपेक्षा जास्त धैर्य लागते. ते धैर्य कमी पडले. मग काय केले, तर न्याय्य भावाच्या शिक्क्याची कॉफी आणि कापूस दुकानाच्या फळीवर मांडला. ज्याला वाटेल त्याने दोन पैसे जास्त द्यावेत. म्हणजे भावही पुन्हा दानपेटीत गेला!

परिणाम समोर आहे. घानाचे कर्ज २००४ मध्ये सुटले, झांबियाचे २००५ मध्ये. झांबियाने २०२० मध्ये पुन्हा हात वर केले, घानाने २०२२ मध्ये. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेने सांगितले की, जगातले ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात जिथे व्याजावरचा खर्च आरोग्यावरच्या किंवा शिक्षणावरच्या खर्चाहून जास्त आहे. २०२५ च्या ज्युबिली वर्षासाठी पोप फ्रान्सिस यांनी कर्ज सोडण्याची हाक पुन्हा दिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते वारले. पंचवीस वर्षांनी तेच रणशिंग फुंकावे लागले, कारण कर्ज तयार करणारी गिरणी कुणी बंद केली नाही.

आमचे मागणे

आमच्याकडे वेगळे काय झाले? २००८ मध्ये केंद्राची कर्जमाफी आली, तिला पाच एकरांची अट. पाण्याखालच्या दोन एकरांचा धनी पूर्ण सुटला आणि विदर्भातला सात एकर कोरडवाहूचा धनी पूर्ण माफीच्या बाहेर राहिला. २०१७ मध्ये राज्याने दीड लाखाची योजना काढली, २०१९ मध्ये दोन लाखांची. त्या शेवटच्या योजनेच्या नावात तर 'कर्जमुक्ती' हा आमचाच शब्द घातला. शब्द दिला, भाव दिला नाही. २०१२ च्या मार्चमध्ये कापसाला जरा बरा ग्राहक होता तर निर्यातबंदी आली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नवा कापूस यायच्या तोंडावर आयातीवरचे अकरा टक्के शुल्क काढून टाकले. एका हाताने खाते पुसायचे आणि दुसऱ्या हाताने ते पुन्हा भरेल अशी व्यवस्था करायची, ही रीत वॉशिंग्टनची आणि दिल्लीची एकच आहे.

चर्चवाल्यांना आमचे सांगणे असे की, तुम्ही दानपेटी सोडून खतावणी उघडलीत, हे मोठे काम केलेत. आता खतावणीचे पुढचे पान उलटा, तिथे भाव लिहिला आहे. तुमच्याच पोथीत खोट्या मापाला आणि खोट्या तराजूला पाप म्हटले आहे. कर्जासाठी जशी साखळी केलीत, तशी तराजूसाठी करा.

आणि हेच सांगणे आमच्या गावातल्या सप्ताहवाल्यांना, यात्रा-उरूस करणाऱ्यांना आणि ट्रस्टवाल्यांना. अन्नदानाची पंगत बसवा, आम्हीही वाढायला येऊ. पण ज्याच्या घरची ज्वारी त्या पंगतीला आली, त्याला तिचा काय भाव मिळाला, हे त्याच मंडपात एकदा विचारा. जो धर्म हा प्रश्न विचारील तो गरिबाचा. जो फक्त पत्रावळ वाढील, तो सावकाराला सोयीचा.

सातबारा कोरा करा, असे आम्ही म्हणतो तेव्हा दया मागत नाही. आमच्या मालाच्या भावातून जे नेले, ते वजा घालून हिशेब करा एवढेच म्हणतो. तो हिशेब होईल त्या दिवशी देणेकरी कोण निघतो ते साऱ्या जगाला दिसेल. मग माफी करायची की नाही, ते आम्ही ठरवू.